काळी एकचा पियानो

डी मायनर नाइन हा कॉर्ड पियानोवर नीट वाजवायला इतरांना किती वेळ लागतो, मला ठाऊक नाही. मला अख्खा उन्हाळा लागला, आणि उन्हाळा संपला तरी तो घाणच वाजत होता. बोटं बरोबर पट्ट्यांवर, पाठ सरळ, मनगट सैल, सगळं टीचरनी सांगितल्यासारखं. आणि दाबला की असा आवाज यायचा की स्वतःच्याच हातावर चापट मारावीशी वाटायची.

मी चाळिशी ओलांडलेली, विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारी, मुलुंडला बाबांबरोबर राहणारी बाई. घरात आम्ही दोघंच. संगीत मला नवं नव्हतं. बाबांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर पेटीची साथ केली, आणि लहानपणी मीही त्यांच्याकडूनच पेटी शिकले. त्यामुळे सूर म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही, असा माझा समज होता. जॅझ शिकायला लागल्यावर तो पहिल्या महिन्यातच गेला.

या वयात हे खूळ डोक्यात शिरलं ते एका हॉटेलात. ऑफिसच्या समारंभासाठी आम्ही अंधेरीला विमानतळाजवळ गेलो होतो आणि लॉबीत एक पिकल्या केसांच्या बाई पियानो वाजवत होत्या. त्यांच्या हाताखालून असे काही सूर एकत्र निघत होते, की ते गोड आहेत की दुखरे हे ठरवता येईना. जेवणाच्या रांगेतली जागा सोडून मी तिथंच उभी राहिले. गाणं संपल्यावर विचारलं, हे कुठं शिकता येईल. त्यांनी आधी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "वाकोल्याला ये, शनिवारी. नखं कापून ये." त्याच माझ्या टीचर. त्यांचे सगळे विद्यार्थी त्यांना टीचरच म्हणायचे, त्यातली निम्मी पोरं माझ्या पायाच्या उंचीची होती.

कॉर्ड म्हणजे एका वेळी दाबलेले काही सूर. सा-ग-प एकदम दाबले की साधा कॉर्ड झाला. एवढं पेटीवर आम्हीही करतो. टीचरच्या संगीतात त्यावर नि चढतो, मग वरच्या सप्तकातला रे, त्याच्यावर म, त्याच्यावर ध. खालपासून मोजत गेलं की हे नववा, अकरावा आणि तेरावा सूर होतात, आणि कॉर्डच्या नावामागे ते आकडे लागतात. कागदावर हे मला चहा गार व्हायच्या आत समजलं. अडचण पुढे होती. हे सगळे सूर वाजवायचे नसतात. पंचम गाळायचा, कारण त्याच्या असण्यानसण्यानं फारसा फरक पडत नाही. बरोबर बास, म्हणजे खर्जाचे सूर, वाजवणारा असेल तर खालचा सासुद्धा गाळायचा, कारण तो त्याचा. सा गाळायचा, हे ऐकून मी टीचरकडे बघतच राहिले. वर हा सा दर कॉर्डला बदलणार. एका ओळीत चार वेळा सा बदलला तर माझ्यासारखीनं उभं कुठं राहायचं, असं मी विचारलंसुद्धा.

"उभं राहायचंच नाही ना," टीचर म्हणाल्या. "चालत राहायचं."

त्यांच्या शेजारची एक जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती आणि तिथल्या एका कुटुंबाला आपला उभा पियानो नव्या जागेत न्यायचा नव्हता. तो माझ्या घरी आला. लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून हमालांनी जिन्यानं चढवला आणि प्रत्येक मजल्यावर माझ्या नावानं खडे फोडले. हॉलमधला दिवाण भाच्याकडे रवाना झाला, कारण दोघांपैकी एकच राहू शकत होता. प्रवासात पियानोचे सूर हलतात, म्हणून टीचरनी एक ट्यूनर पाठवला. तो आला त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. घरी बाबा होते. संध्याकाळी आले तर बाबा खुशीत होते. छान लागलाय, म्हणाले. मी एक पट्टी दाबून बघितली, ती वाजली, मला बरं वाटलं.

त्यानंतर रोज ऑफिसातून आले की मी हातपाय धुऊन पियानोवर बसायची. आणि रोज तेच. वाकोल्याला टीचरच्या पियानोवर जो कॉर्ड माझ्याच बोटांखाली मऊ निघायचा, तो घरी करकरायचा. मी त्याची कारणं शोधली. टीचर बाजूला असतात म्हणून तिथं मी नीट दाबते. घरी दमलेली असते. आणि मुख्य कारण मला वाटायचं ते बाबा. मी वाजवायला बसले की ते पेपर घेऊन हॉलमध्ये थांबायचे, आणि दोनचार कॉर्ड झाले की काही न बोलता उठून गॅलरीत जायचे. बोलले असते तर परवडलं असतं. मी त्या पाठमोऱ्या बनियनकडे बघून आणखी जोरात वाजवायची आणि आणखी वाईट वाजायचं.

फोनवरच्या व्हिडिओत एक मुलगा दात काढून सांगायचा, की हे कॉर्ड सुरुवातीला कानाला बोचतात, मग सवय होते. मी सवय करायला बसले. डोळे मिटून तो आंबट आवाज ऐकायचा आणि मनाला बजावायचं, की हीच याची गोडी आहे, तुझाच कान पेटीवाला, तो सुधारला पाहिजे. कारल्याची भाजी आवडते असं स्वतःला पटवतात तसं मी ते पटवत होते. काही केल्या आवडेना.

शनिवारी टीचर वैतागायच्या. मागच्या वेळी जमलेलं आज का जमत नाही, घरी पियानोला हात लावतेस की नुसता कपडे वाळत घालायला ठेवलायस, असं विचारायच्या. मी रोज वाजवते असं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि त्यांचं खरंही होतं. घरी मी त्या सुरांपासून पळायला शिकत होते. बोट पट्टीवर जायच्या आधीच खांदे वर चढायचे.

त्यातच अंधेरीची संध्याकाळ ठरली. टीचरचे दोन जुने मित्र, एक बास वाजवणारे आणि एक ड्रम्स वाजवणारे, अधूनमधून एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचे. तिथं टीचर आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांना एकेक गाणं त्यांच्याबरोबर वाजवायला द्यायच्या. माझ्यासाठी त्यांनी एक संथ जुनं गाणं काढलं, सी मेजरमधलं, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे नवख्या माणसाला सगळ्यात सोपं. घरी ते सगळ्यात घाण वाजत होतं. एके संध्याकाळी माझा तोल गेला. झाकण आपटून मी बाबांना सांगितलं, की अंधेरीला हे एक गाणं धडपणे वाजलं तर ठीक, नाहीतर पियानो देऊन टाकते. मला कान नाहीत, आणि नसलेल्या कानांसाठी हॉलभर लाकूड ठेवायचं कशाला. बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, घाई करू नकोस. मला वाटलं, माझ्याचसाठी म्हणताहेत.

त्याच आठवड्यात आणखी एक विचित्र गोष्ट झाली. टीचरनी व्यायाम म्हणून तेच गाणं अर्धा सूर वर चढवून वाजवायला सांगितलं होतं, डी फ्लॅटमध्ये. ते कठीण, काळ्या पट्ट्यांनी भरलेलं. मी अडखळत, शिव्या देत वाजवलं, आणि शेवटच्या कॉर्डवर पोचले तेव्हा हॉल भरून गेला. पाच सूर एकमेकांत असे विरघळले की मी पट्ट्यांवरून हात काढलाच नाही. गॅलरीतून बाबा आत आले आणि म्हणाले, हे छान आहे. मग मी पुन्हा सीमध्ये तेच वाजवलं. करकर. बाबा पुन्हा बाहेर.

शनिवारी मी टीचरना हे सांगितलं, तर त्यांना वाटलं मी शहाणपणा करतेय. सोपं येत नाही आणि अवघड येतं, असं कुठं असतं का. पण मी रडकुंडीला आलेली त्यांनी बघितली असावी. त्या म्हणाल्या, "रविवारी मी येते तुझ्या घरी. बघू दे काय भानगड आहे."

टीचर आल्या, पाणी प्यायल्या, बाबांना नमस्कार केला आणि पियानोवर बसल्या. सी मेजर वाजवला. भुवया वर गेल्या. डी मायनर वाजवला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. मग त्या खालपासून एकेक पट्टी वर सरकत कॉर्ड वाजवत गेल्या, आणि डी फ्लॅटवर, म्हणजे आमच्या भाषेत काळी एकवर, थांबल्या. तिथं तो कॉर्ड सुटा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मान वळवून विचारलं, हा पियानो लावला कुणी?

बाबा पुढे झाले. अभिमानानं. ट्यूनर आला त्या दिवशी ते स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसले होते. त्यानं सूर लावायला सुरुवात केली, तर बाबांना गंधार चढा वाटला. त्यांनी फोनवर तानपुरा लावला, काळी एकवर, कारण त्यांचा सा काळी एकचा, आणि त्या माणसाकडून तानपुऱ्याशी जुळवून एकेक सूर लावून घेतला. गंधार, धैवत, निषाद उतरवले, कोमल सूर जरासे चढवले. ट्यूनर सांगत होता म्हणे, की साहेब, असं कुणी करत नाही. बाबांनी त्याला दोनदा चहा पाजला. चांगल्या पेट्या अशाच लावतात, आणि लेकीचा पियानो चांगला लागायला हवा, इतका साधा तो विचार होता. सांगण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नाही.

टीचर हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी हसले नाही. त्यांनी मला समजावलं, की पियानोवर बाराही सूर सारख्या अंतरावर लावलेले असतात, कुठलाच अगदी नेमका नाही, पण त्यामुळे कुठल्याही सुराला सा मानता येतं. बाबांच्या पियानोत एकच सा होता. त्या घरात सगळं गोड, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की फरफट.

"तुझ्या कानाला काही झालेलं नाही गं," टीचर म्हणाल्या. "उलट, पियानो चुकतोय हे तोच तुला सांगत होता."

त्या गेल्यावर मी बाबांवर ओरडले. मी स्वतःला बहिरी समजत होते, महिनोन्महिने, आणि तुम्ही तिथं गॅलरीत उभे. ते म्हणाले, त्यांना कसं कळणार, त्यांना वाटलं ते संगीतच तसं असतं. मलाही तेच वाटलं होतं. मग मी टीचरनी सांगितलेलं त्यांना समजावायला बसले. सगळे सूर थोडे थोडे सरकवायचे, म्हणजे कुठूनही सुरुवात करता येते. बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं बेसूर व्हायचं," ते म्हणाले, "म्हणजे कुणालाच तक्रार करता येत नाही."

"हो. तसंच."

"आणि तुला ते गोड लागतं?"

"मला ते हवंय, बाबा."

ते बराच वेळ पियानोच्या लाकडावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, बोलाव त्याला, लाव तुला हवा तसा. मी लगेच फोन केला. वेळ घालवला असता तर मला दुसरंही काही आठवलं असतं, आणि ते मला आठवायचं नव्हतं. बाबांचा डावा खांदा धरला होता. पेटीला डाव्या हातानं भाता ओढावा लागतो, तो त्यांना ओढवेना, म्हणून पेटी खोक्यात घालून कपाटावर गेली होती. पियानोला हवा लागत नाही. तो आल्यापासून रोज सकाळी बाबा उजव्या हातानं त्यावर सूर धरून गळ्याचा रियाज करत होते, आणि मी उशी कानावर ओढून झोपत होते.

ट्यूनर आला. या वेळी मी रजा काढून स्टुलावर बसले. बाबा भाजी आणायला गेले आणि एका जुडीसाठी दुपार लावून परतले. संध्याकाळी मी डी मायनर नाइन दाबला. मऊ, दुखरा, लांब. जसा लॉबीत ऐकला होता तसा. मी तो किती वेळा वाजवला असेल, शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

आनंद दोन दिवस टिकला. मग कळलं, की पियानो सुधारला तरी मी तेवढीच कच्ची होते. आता चुकलं की ते माझंच चुकलेलं असायचं. तेराव्यापाशी करंगळी पोचायची नाही, सा बदलला की मी एक ठोका मागे राहायची. आधी निदान पियानोला लाथ मारावीशी वाटायची. आता तेही गेलं.

अंधेरीला मी वाजवलं. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर पंख्याची घरघर. मधल्या भागात एक कॉर्ड साफ चुकला, पण बास वाजवणाऱ्या काकांनी सा धरून ठेवला होता आणि मी त्यावरून पुढे सरकले. थांबले नाही. शेवटचा कॉर्ड बसला. लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. टीचरनी मान हलवली, म्हणजे पुढचं गाणं मिळणार. बाबा मागच्या रांगेत होते. रिक्षात ते म्हणाले, चांगलं झालं, आता पियानो कुठं जात नाही.

जात नव्हता. पण ते त्याच्याकडे जायचे बंद झाले. सुरुवातीला काही सकाळी मला ऐकू यायचं. सा. रे. गंधार. थांबणं. पुन्हा गंधार, पुन्हा थांबणं, मग झाकण लावल्याचा आवाज, अगदी हळू, मी उठू नये म्हणून. नंतर झाकण उघडणंही थांबलं. मी विचारलं तर म्हणाले, घसा बरा नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं. मला इतका राग आला की काय सांगू. ते भांडले असते तर मीही भांडले असते. बोलाव त्याला परत, लाव मला हवा तसा, असं म्हणाले असते तर मी नाही म्हणाले असते आणि मोकळी झाले असते. हा माणूस पालक निवडत बसला होता.

एका सकाळी माझा संयम सुटला. स्टुलावर चढून कपाटावरची पेटी काढली, फडक्यानं पुसली, सतरंजी टाकली आणि पेटीच्या मागच्या बाजूला भात्यापाशी जाऊन बसले. बाबा चहाचा कप घेऊन बघत राहिले. तुला ऑफिस आहे, म्हणाले. मी म्हटलं, आहे, म्हणून लवकर बसा.

ते बसले. मी भाता ओढायला लागले, ते उजव्या हातानं वाजवायला लागले. पहिली काही मिनिटं फक्त बोलणी बसली. हवा एकसारखी दे. झटके देऊ नकोस. दहा वर्षांची होतीस तेव्हा बरी ओढायचीस. मनगट दुखायला लागलं, आंघोळ राहिली होती, गाडी चुकणार हे दिसत होतं. मग त्यांनी गंधार धरला आणि त्यात आवाज मिसळला, आणि दोन्ही मिळून एकच झालं. आवाज कुठं संपतो आणि पेटी कुठं सुरू होते, ते कळेना. मी लहानपणापासून हा सूर ऐकत आले असेन. त्या सकाळी मला तो पहिल्यांदा दिसल्यासारखा ऐकू आला, जरासा खाली, अगदी जागेवर.

आता रोज सकाळी हेच. ऑफिसला उशीर होतो, साहेब बोलतात, मी बाबांवर चिडचिड करते, बाबा हवेवरून माझ्यावर.

परवा संध्याकाळी मी पियानोवर बसले. टीचरनी नवं गाणं दिलंय, तेही सीमध्ये. हात गरम करायला मी साधा सी मेजर दाबला, सा-ग-प, तीनच सूर, आणि मधला सूर टोचला. वाटलं, पट्टी सरकली. पुन्हा दाबला. पियानो बिलकुल सरकला नव्हता. गंधार चढा होता, सगळ्या पियानोंवर असतो तेवढा, आणि मला तो आता ऐकू येत होता. मी नि चढवला, रे चढवला, वाटलं गर्दीत लपेल. लपला नाही. मी हात मांडीवर ठेवून तशीच बसले.

स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. "चढा आहे ना?"

मी पुढचा कॉर्ड दाबला.